काकीचा अंगठा आणि खाडीपलीकडचा पाट

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या वाडीतल्या रेशन दुकानात माझ्या मोठ्या काकीवर अन्याय झाला. वेळ पक्की सांगते, कारण ती मशीनच्या कोपऱ्यात दिसत होती. दुकानदाराने काकीचा उजवा अंगठा धरून चौथ्यांदा काचेवर दाबला. मशीन बराच वेळ फिरत राहिलं, मग टुंक वाजलं, आणि तो म्हणाला, "लागणा नाय गो काकी. झिजलो तुझो अंगठो. शनिवारी बगूया."

काकीने अंगठा पदराला पुसला आणि त्या अंगठ्याकडे असं बघितलं, जणू घरातलं कुणीतरी चारचौघांत चोरी करताना सापडलं.

ही काकी म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून ती खाडीपलीकडच्या बाजारात मासळी विकते. पापलेट असो की पेडवे, गिऱ्हाईक मागेल तसे साफ करून देते. तिच्या उजव्या अंगठ्यावर खवल्यांनी आणि खाऱ्या पाण्याने काय उरलं असेल, हे मलाही दिसत होतं. पण मी तिच्या मागेच रांगेत होते. वाकून मशीनचा पडदा वाचला. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. अंगठ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"दादा, हे अंगठ्याचं नाही. नेटवर्कचं आहे," मी म्हटलं.

"सगळा एकच. लागला नाय म्हणजे लागला नाय."

सगळं एकच नव्हतं. त्या दिवसांत कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर बोट लावून आपण जिवंत आहोत, आपणच आहोत हे सिद्ध करायचं होतं. नाही केलं तर नाव यादीतून जाणार होतं, आणि नाव गेलं की काकीचा तांदूळ बंद. शेवटची तारीख होती नारळी पौर्णिमेच्या आधीचा शनिवार. दोन महिने हातात होते, आणि वाडीत रेंज नव्हती.

आमची वाडी सड्याच्या पायथ्याशी आहे. मागे कातळाचा उंच सडा, पुढे खाडी. मोबाइलचा सिग्नल सड्यावरून आमच्या डोक्यावरून निघून जातो. दुकानदार वाईट माणूस नव्हे. एका शनिवारी तो मशीन पिशवीत घालून सड्यावर चढला, मागून वाडीतल्या बायका चढल्या, आणि वर काजूच्या झाडाखाली त्यांनी बोटं लावली. चढू शकल्या त्यांचं झालं. उरल्या त्या गुडघेवाल्या. काकी त्यांतली. बाजारातल्या रेशन दुकानात ती एकदा गेली, तर तिथला म्हणाला, आधी आमची कार्डं, मग उरला वेळ तर तुमची. टोपलीत बांगडे होते. ते काही उरल्या वेळाची वाट बघणार नव्हते.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. कॉलेजात असल्यापासून लिहिते. प्रखर दिव्यांनी मासे पकडणाऱ्या बोटींविरुद्ध लिहिली, खाडीतल्या वाळूसाठी लिहिली. वर ठळक मथळा, मध्ये संताप, खाली मागण्या. हे पत्रकही एका बैठकीत लिहून झालं. मथळा होता: "अंगठा झिजला नाही, कारभार झिजला आहे!" छापून वाटलं. मग काकीला घेऊन एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले. तिथल्या एका कार्यालयात एका साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि टॉवर प्रस्तावित असल्याचं सांगितलं.

काकी घरात, बाजारात, देवळात मालवणीच बोलते. त्या टेबलासमोर मात्र ती पदर सारखा करून शुद्ध मराठीत बोलली. "साहेब, माझा हात चांगला आहे. तुमचं मशीन मुकं आहे."

साहेबांनी नोंद घेतली, म्हणजे मान हलवली. परतीच्या गाडीत काकी खिडकीबाहेर बघत राहिली आणि कुडाळच्या फाट्यापर्यंत एकदाच बोलली. "माका वाटला, मी बरा बोल्लंय."

"खूप बरं बोललीस," मी म्हटलं. तेव्हा मला स्वतःच्या पत्रकाची पहिल्यांदा लाज वाटली. ते वाचून एकही मशीन बोललं नव्हतं.

बाजारात धक्क्याजवळ चाचांचं दुकान आहे. आम्ही सगळेच त्यांना चाचा म्हणतो. पूर्वी ते जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. आता होड्यांचे वॉकीटॉकी, मासे दाखवणारी यंत्रं, कुणाचा रेडिओ, कुणाचं राउटर, असं सगळं दुरुस्त करतात. काकीची बसायची जागा त्यांच्या पायरीखालीच. माझं पत्रक त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"छान लिवलंस. पण ह्या वाचून मशीनीक रेंज येतली काय गो?"

"मग काय करायचं ते तुम्ही सांगा."

चाचांनी हात लांब करून दाराबाहेर दाखवलं. खाडी, खाडीपलीकडे आमची वाडी, आणि माडांच्या फटीतून रेशन दुकानाची गच्ची सरळ समोर. "माझ्याकडे वायरीचा इंटरनेट आसा. तुमच्याकडे नाय. मधी पाणी सोडून काय आसा? काय नाय. हय एक अँटेना, थय एक अँटेना. दोघांची नजरानजर झाली की झाला."

एका बंद पडलेल्या लॉजवरून आणलेले दोन चपटे पांढरे अँटेना त्यांच्याकडे पडून होते. आकाराने अगदी जेवायला बसायच्या पाटासारखे. वाडीत त्यांचं नाव लगेच पाट पडलं. दुकानदाराला मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मशीनीक वायफाय चलता. तू आण, गच्ची माझी." हे ऐकून त्याच्याविरुद्ध लिहिलेली चार वाक्यं मी मनातल्या मनात खोडली.

इथून पुढची चूक माझी. अन्यायाविरुद्ध लढताना आवाज मोठा हवा, हे माझं शिक्षण. पाटाला जोडून सिग्नलचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर मिळतो, त्याला सगळे बूस्टर म्हणतात. तो मी चाचांना न विचारता ऑनलाइन मागवला, सोबत त्याच्या जोडण्याच्या वायरी. चित्रात कनेक्टर सारखेच दिसत होते, पितळी, आट्यांचे, करंगळीच्या पेराएवढे. शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते तेव्हा मी त्यांच्याच टेबलावर जोडणी केली. आटे सुरेख बसले. पान्याने घट्ट केले. बूस्टरचा हिरवा दिवा लागला. सिग्नल शून्य. मी पान्याने आणखी घट्ट केलं. थोड्या वेळाने जळका वास आला आणि दिवा विझला.

चाचा आले. त्यांनी आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, मग वायर उलट फिरवून सोडवली आणि दोन्ही टोकं भिंगाखाली धरली.

"ये. बग."

मी बघितलं. बूस्टरच्या तोंडात मधोमध बारीक भोक होतं. वायरीच्या टोकातही मधोमध भोकच होतं. एकात पिन असायला हवी होती. बाहेरून आटे बसले होते, आत कुणाची कुणाशी गाठच नव्हती. ही वायर वायफायच्या डब्यांसाठीची. तिच्या कनेक्टरमध्ये पिन आणि भोक यांच्या जागा मुद्दाम उलट केलेल्या असतात. बूस्टर साध्या जातीचा.

"लगीन लागला, अक्षता पडले, जेवणा उठली," चाचा म्हणाले, "पण नवरो आणि व्हकल एकामेकाक भेटलीच नाय."

पायरीखालून काकी हसली. तिला कनेक्टर कळत नव्हता, पण वाक्य कळलं होतं.

"मग तो जळला का? जोडलाच गेला नव्हता तर?"

"म्हणानच जळलो. अँटेनाशिवाय बोंबलता ठेवलंस त्येका. बोंब बाहेर जायना, उलटी त्येच्याच घशात गेली." मग त्यांनी तो जळका डबा माझ्या हातात ठेवला. "आणि हो व्हयो कित्याक होतो तुका? तू हयसून मोठ्यान बोंबलशीत, पलीकडे ऐकाक जायत. पण थयसून बारीक आवाजात उत्तर इला तर? तोंड मोठा केलंस, कान तेवढेच. मोठो पाट बोलता पण बरो आणि ऐकता पण बरो. शिवाय एवढा बोंबलाक कायद्यान परवानगी नाय. तू कायद्यावाली मा?"

मला राग आला. तो राग बूस्टर विकणाऱ्यावर काढावा असं वाटत होतं आणि मथळाही सुचला होता. पण पान्याने घट्ट केलेले आटे माझ्याच हातचे होते.

त्यानंतर मी दुपारच्या दुपार चाचांच्या दुकानात बसले. वायर घेताना टोक आधी भिंगाखाली धरायचं, पिन की भोक ते बघायचं, मगच आटे. घरातली टीव्हीच्या छत्रीची उरलेली वायर मी आणली, ती त्यांनी परत दिली. ती पंचाहत्तर ओहमची, आपली सगळी जोडणी पन्नासची. न जुळणाऱ्या सांध्यावरून सिग्नल थोडा मागे फिरतो. आणि वायर लांब असली की सिग्नल वायरीतच मुरतो, म्हणून सिग्नल पाठवणारा वायफायचा डबा पाटाच्या पाठीलाच बांधायचा आणि मधली वायर वीतभर. सगळं जुळवल्यावर बूस्टरशिवायच काम होणार होतं. मला हे पटायला वेळ लागला. मी आयुष्यात एकही सभा माइकशिवाय घेतलेली नाही.

शेवटच्या तारखेआधीच्या गुरुवारी आम्ही पाट चढवले. श्रावणातलं ऊन, मध्येच सर, परत ऊन. मी चाचांच्या गच्चीवर, दुकानदार पलीकडे त्याच्या गच्चीवर. त्याची गच्ची माडांच्या झावळ्यांत मला नेमकी सापडेना, आणि फोन करावा तर तिकडे रेंज नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. तेवढ्यात पलीकडे काहीतरी लखलखलं. रेशन दुकानाच्या अंगणात काकी स्टीलची जेवणाची थाळी घेऊन उभी होती आणि ऊन माझ्या डोळ्यांत मारत होती. काकांची होडी खाडीत शिरताना ती अशीच थाळी दाखवायची, हे मला नंतर कळलं. मी त्या झगमगाटावर पाट रोखला. मग तरीच्या होडीने पलीकडे जाऊन तिथला पाट चाचांच्या गच्चीकडे रोखला. चाचांनी मला खूण करायला पेन्सिल दिली होती. सिग्नल सगळ्यांत चांगला आला तिथे खांबावर रेघ मारली.

डब्यावरचे चारही दिवे लागले. दुकानदाराने मशीन काढून जोडून बघितलं. पूर्वी अर्धा अर्धा तास फिरणारं ते चक्र एकदाच फिरलं आणि पान उघडलं. पण मशीनवर बोट घ्यायचे वार ठरलेले, बुधवार आणि शनिवार. "शनिवारी पयलो नंबर काकीचो," दुकानदार म्हणाला. काकीने मान डोलवली आणि पाटाकडे वर बघत राहिली. खूप वेळ.

शनिवारी सकाळी मी दुकानात पोचले तर मशीन फिरत होतं. फिरतच होतं. डब्याचे चारपैकी तीन दिवे गेलेले, चौथा मरतुकडा. गुडघेवाल्या सगळ्या बाकावर बसलेल्या, काकी सगळ्यांत पुढे, लग्नाला जावं तसं धुवट लुगडं नेसून. संध्याकाळी पाचला यादी बंद होणार होती.

मी खवळले. इंटरनेटवाल्यांनी वायर तोडली, हे माझं पहिलं मत. दुसरं मत, कुणीतरी मुद्दाम केलं. तरीने पलीकडे जाईपर्यंत दोन्ही मतांचं पत्रक डोक्यात तयार होतं. चाचांकडे इंटरनेट ठणठणीत चालू. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, छत्री घेतली आणि तरीत येऊन बसले. अर्ध्या खाडीत त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"गो, तुझो पाट सफेद होतो मा?"

पाट सफेद होता. आता तो चांदीसारखा चमकत होता.

दुकानाच्या अंगणात उतरताच चाचांनी विचारलं, "ह्या कोणी केल्यान?"

काकी उठून उभी राहिली. "मी करून घेतलंय. झिलाक वर चढयलंय."

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात जातात, त्याआधी प्रत्येक होडी किनाऱ्यावर रंगवतात. काकीच्या मुलाची होडीही रंगत होती. खाऱ्या वाऱ्यात उघडं ठेवलं ते गंजतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे शुक्रवारी होडीच्या कठड्याचा चंदेरी रंग उरला तो काकीने माझ्या चुलतभावाकडून पाटाला लावून घेतला. दोन हात.

"काकी, काय केलंस हे?" माझा आवाज चढला होता.

"होडयेक लावतो तोच रंग, चेडवा. भारीतलो. तुझ्या पाटाक काय कमी पडाक नको, म्हणान."

चाचांनी तिला समजावलं, हळू आवाजात, जहाजावर नव्या पोराला समजावावं तसं. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमची भुकटी असते. पाटाच्या तोंडावरचं प्लास्टिक सिग्नल जाऊ देतं, धातू जाऊ देत नाही. "तू त्येच्या डोळ्यार पत्रो बांधलंस गो."

"मगे सोडया," काकी म्हणाली.

थिनरने प्लास्टिक विरघळेल, चाचा म्हणाले. घासायला काही हवं, पण प्लास्टिकला चरा जायला नको. काकीने तोवर पिशवीतून आपली सुरी काढली होती. खवले काढायची, पात झिजून बोटभर रुंद झालेली. पाट खाली उतरवला, तो तिने समोर ठेवला, पाय एका बाजूला घेऊन बसली आणि शेपटाकडून डोक्याकडे जावं तशी सुरी आडवी चालवायला लागली. कोवळा रंग होता, एका दिवसाचा. चंदेरी खवले उडायला लागले. तिच्या लुगड्यावर, चाचांच्या छत्रीवर, माझ्या पायांवर. बाकावरच्या बायका बघत होत्या.

"काय गो, सरंगो काय?" त्यांतली एक म्हणाली.

"सरंग्याक एवढे खवले खंय?" काकी मान वर न करता म्हणाली. "ह्यो सरकारी मासो. वरसून चकचकीत, आतसून मुको."

एकही चरा न पाडता तिने तो पाट पांढरा केला. मी हाताने तपासला. अशी कारागिरी मी कुठल्या प्रयोगशाळेत बघितली नाही. चाचांनी कनेक्टर सोडून पिन बघितली, परत आटे बसवले, आणि आम्ही पाट पेन्सिलीच्या रेघेवर परत आणला. चार दिवे.

दुपारचे अडीच झाले होते. काकीने उजवा अंगठा काचेवर ठेवला. मी पडदा माझ्याकडे वळवून घेतला. चक्र एकदा फिरलं आणि उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, "ठसा जुळला नाही."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. त्याचं खरं ठरलं होतं. अंगठा झिजलेलाच होता. माझ्या पत्रकाचा मथळा खोटा होता, आणि हे मी इथे लिहून ठेवते.

पण उत्तर दोन सेकंदांत आलं होतं. "दादा, दुसरं बोट लावता येतं?"

"खयचाय लाव. धा आसत."

यापूर्वी एका अंगठ्यातच अर्धा तास जायचा, मग रांग ओरडायची, मग शनिवारी ये. दुसऱ्या बोटापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. आता काकी एकेक बोट लावत गेली आणि मी एकेक उत्तर वाचत गेले. तर्जनी, नाही. मधलं, नाही. डावा अंगठा, नाही. मासा धरायचा हात तो. मग तिने डाव्या हाताची करंगळी ठेवली.

मशीनने हिरवी खूण दाखवली आणि चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर काकीचं नाव होतं.

"करंगळी नवीकोरी आसा," काकी म्हणाली. "तिका आजपर्यंत कोणी कामाक लावलानच नाय." आणि उठून मागच्या बाईला म्हणाली, "बस गो. धाय बोटा घेऊन बस."

पाच वाजायच्या आत सगळ्या गुडघेवाल्यांची नावं यादीत पक्की झाली. चाचा निघाले तेव्हा तरीत बसताना त्यांच्या छत्रीवर अजून खवले होते आणि त्यांनी ते झटकले नाहीत. माझ्या काकीने, एका जुन्या वायरलेसवाल्याने आणि रेशन दुकानदाराने मिळून खाडीवरून वाट काढली. तो पाट आजही तिथेच आहे. आता त्याच्यावर काकीने आपल्या हाताने माडाची झाप बांधली आहे, चाचांना विचारून, तोंड मोकळं सोडून.

आता तुम्ही. तुम्हाला वाचता येतं, म्हणून तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी रेशनच्या रांगेत कुणाला "अंगठा लागत नाही" म्हणून परत पाठवत असतील, तर पुढे व्हा, पडदा आपल्याकडे वळवा आणि त्यावर काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. नेटवर्क नसेल तर "नेटवर्क नव्हतं" असं दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या. नेटवर्क असेल, तर त्या बाईची दहाही बोटं लागून बघेपर्यंत रांग सोडू नका.